भारत पंढरी मुसळे, प्रेझेंट

सोमवारी सकाळी प्रार्थना संपली आणि प्रतिभा मॅडमनी नेहमीसारखा मोबाइल रांगेतल्या पहिल्या मुलाच्या, म्हणजे अनुपच्या, तोंडासमोर धरला. मोबाइलने क्षणभर विचार केला आणि गोड बायकी आवाजात सांगितलं, "भारत पंढरी मुसळे. प्रेझेंट."

"मी अनुप हाय ना," अनुप मोबाइलला म्हणाला.

मॅडमनी मोबाइल पुसला आणि दुसऱ्या मुलासमोर धरला.

"भारत पंढरी मुसळे. ऑलरेडी मार्क्ड."

तिसराही भारत निघाला. चौथाही. रांग संपेपर्यंत सिरसदडीच्या मराठी शाळेतले झाडून सगळे मुलगे भारत पंढरी मुसळे ठरले होते. मुलींची नावं मात्र मोबाइलने एकही चूक न करता घेतली. शाळेत त्या घडीला नव्हता तो एकच मुलगा, भारत पंढरी मुसळे. तो पोळ्यापासून शाळेकडे फिरकलाच नव्हता.

घडलं होतं ते अगदी साधं. सिरसदडी हे तेलंगणातलं, जैनथकडचं, पैनगंगेच्या काठावरचं चिमुकलं गाव, आणि अख्खं गाव एकाच ढगे भावकीचं. इथं दगड मारला तरी तो ढग्यालाच लागतो. या भावकीतले सगळ्यात थोर पुरुष नागनाथबाबा शंभरीला टेकून, पोराबाळांना डोळे भरून बघून, सुखाने गेले. ते कुणाचे आजोबा, कुणाचे चुलत आजोबा, कुणाचे पणजोबा. म्हणजे सुतक सगळ्यांनाच. रविवारी त्यांचा दहावा झाला, जैनथहून न्हावी आला आणि त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पहिलीतल्या पोरांपर्यंत गावातल्या यच्चयावत पुरुषांची डोकी गुळगुळीत करून टाकली. सोमवारी शाळेच्या अंगणात ती डोकी ओळीने उन्हात चमकत होती.

यातून वाचला होता एक भारत. त्याचा बाप पंढरी मुसळे हा गावचा घरजावई. कूळ वेगळं, म्हणून त्याला ना सुतक ना वस्तरा.

"मॅडम, समजलं मले!" रविकांत सर ओरडले. शाळेत शिक्षक दोनच, प्रतिभा मॅडम आणि रविकांत सर. मॅडमकडे मुख्याध्यापकाचा चार्ज होता आणि सरांकडे उत्साहाचा. "जूनमध्ये आपण सगळ्यायचे फोटो अ‍ॅपमध्ये भरले, तवा भारत नुकताच तिरुपतीहून आला होता. बापानं नवस बोलला होता. त्याचा फोटो टकलाचा हाय! म्हणून टक्कल दिसलं का अ‍ॅप म्हणते, हा भारत."

"मग हाताने भरा ना हजेरी."

"ते बटन वरून बंद केलं. गैरप्रकार होतात म्हणे."

"मग फोटो बदला."

"फोटो जूनशिवाय बदलत नाही. तेही गैरप्रकारासाठीच."

मॅडम खुर्चीवर बसल्या. दुसरा कुठला महिना असता तर त्या हसल्या असत्या. पण मागच्याच आठवड्यात वरून कागद आला होता. ज्या लहान शाळांची हजेरी या महिन्यात पाऊणपटीच्या खाली जाईल, त्या शेजारच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकणार. शेजारची शाळा म्हणजे नाल्यापलीकडची, तेलुगू माध्यमाची. नाल्याला पाणी असलं की तिकडे ऑटोसुद्धा जात नाही, आणि पहिलीतली पोरं ऑटोएवढी उंच नाहीत. मॅडमना ठाऊक होतं, शाळा मिळवली की निम्मी पोरं सरळ कापूस वेचायला लागतील आणि मुलींना लहान भावंडं सांभाळायला घरी बसवतील. वर्षभर घरोघर फिरून, आयांशी भांडून, बापांना चहा पाजून त्यांनी ही पोरं शाळेत बसवली होती. आता ती सगळी शाळेत बसलेली होती आणि कागदावर गैरहजर होती.

"टोपी घालून बघू," सर म्हणाले.

अनुपला टोपी घातली. मोबाइल म्हणाला, "प्लीज रिमूव्ह कॅप."

मग सरांनी फळ्याला लावायचा काळा रंग काढला आणि मॅडम नको नको म्हणेपर्यंत अनुपच्या डोक्यावर झकास भांग पाडला. मोबाइलने बराच वेळ बघितलं. "फेस नॉट रेकग्नाइज्ड." म्हणजे आता तो भारतही उरला नाही.

"गॅदरिंगचं गंगावन हाय ना आपल्याकडं!" सरांचा उत्साह काही संपेना. गॅदरिंगच्या नाचात चंदाने लावलेलं गंगावन ट्रंकेतून निघालं. ते अनुपच्या रंगवलेल्या डोक्यावर बसवलं, वेणी पुढे घेतली.

"चंदा सुधाकर ढगे. ऑलरेडी मार्क्ड," मोबाइल म्हणाला.

"मॅडम, हा मायावानी दिसते का?" म्हणत चंदा रडायलाच लागली. तिची समजूत काढण्यात पहिला तास गेला.

दुपारी व्हायचं तेच झालं. अ‍ॅपला एक चांगली खोड होती. मुलगा गैरहजर असला की ते बापाच्या मोबाइलवर आपोआप निरोप धाडायचं. गावातले सगळे बाप त्या वेळी शेतात कापूस वेचत होते. प्रत्येकाच्या खिशात एकाच वेळी टुंग वाजलं. निरोप तेलुगूत, पण पोराचं नाव आणि पुढची फुली एवढं सगळ्यांना कळायचं. अर्ध्या तासात शाळेच्या अंगणात तुळतुळीत डोक्यांच्या बापांचा मेळा भरला. सगळ्यांत पुढे सुधाकरराव, शाळा समितीचे अध्यक्ष, अनुप आणि चंदाचे वडील. त्यांच्या हातात तुरीची तुऱ्हाटी होती.

"मॅडम, आमचा अनुप कुठी गेला?"

"हा काय, तुमच्यासमोर बसलाय."

सुधाकररावांनी अनुपकडे बघितलं. डोक्याला काळा रंग, गळ्यात वेणी. मग त्यांनी मोबाइलकडे बघितलं.

"मोबाइल तं नाई म्हणून राह्यला."

"मोबाइलचं सोडा हो, तुम्ही डोळ्यांनी बघा."

"मले दिसते वो मॅडम. पण सरकारले नाई दिसून राह्यला ना! मंग त्याचा काय फायदा?" सुधाकररावांनी अनुपला वर उचलून उजेडात फिरवून बघितलं आणि विचारलं, "अन् हे काय लावलं लेकराले? रविकांत सर, हे तुमचंच काम दिसते."

मागून एक जण म्हणाला, "माया पोट्टा सकाळी शाळेत गेला का नाई, मी पाह्यलो नाई. मोबाइल खोटं कायले बोलन?" आणि त्याने खबरदारी म्हणून आपल्या पोराला एक ठेवून दिली. पोरगं बिचारं सकाळपासून पहिल्या बाकावर बसलेलं होतं.

मंगळवारीही तीच तऱ्हा. बुधवारी दुपारी एक बाप मात्र वेगळ्याच चेहऱ्याने आला. पंढरी मुसळे. डोक्यावर दाट केस, हातात गुळाची ढेप.

"मॅडम, गूळ घ्या. सर, तुमीबी घ्या."

"कशाचा गूळ, पंढरीभाऊ?"

"बालाजी पावला, मॅडम!" पंढरीचे डोळे भरून आले होते. "श्रावणापासून रोज मेसेज येत होता, तुमचा पोरगा गैरहजर. मी त्याले मारलं, त्याची माय रुख्मिणी रडली, पण काई फरक नाई. सोमवारपासून मेसेज बंद! तीन दिवस झाले, पोरगा रोज दप्तर घेऊन जाते. मी तवाच बालाजीले बोललो होतो, पोरगं शाळेत टिकलं तं बाप-लेक दोघंही अजून एकडाव केस देऊन टाकू. आता नवस फेडा लागते."

मॅडमच्या तोंडात गुळाचा खडा तसाच राहिला. भारत शाळेत आलाच नाही हे सांगावं, तर पोराच्या पाठीचं धिरडं होणार. न सांगावं, तर या भोळ्या माणसाचा गूळ खाऊन आपण त्याला फसवणार. त्या काही बोलणार इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. मंडळाचे शिक्षण अधिकारी, एमईओ साहेब.

"मॅडम, क्या हो रहा है आपके गांव में?" साहेब तेलुगूभाषक, पण सरहद्दीवरच्या शाळांशी ते हिंदीतच बोलत. "तीन दिन से लड़के लोग पूरे गायब! कापूस चुनने भेज दिए क्या? पूरे स्कूल में एकच लड़का आता है."

"सर, वो जरा टक्कल का…"

"मैं कल आ रहा हूं, फाइल लेके. मिलाने का फाइल. और सुनो, वो एक लड़का, भारत. पूरा गांव खेत में, और वो अकेला स्कूल में! ऐसे बच्चे का सत्कार होना. मैं सर्टिफिकेट छपवाया, एक बैग भी दूंगा. उसके मां-बाप को बुलाओ."

फोनचा आवाज मोठा होता. पंढरीने शब्द न् शब्द ऐकला होता. त्याने उरलेला गूळ सगळाच्या सगळा टेबलावर ठेवला, मॅडमच्या पाया पडला आणि रुख्मिणीला सांगायला पळत सुटला.

"आता?" सर म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे कल्पना शिल्लक नव्हती.

"आता भारतला आणायचं," मॅडम म्हणाल्या. "नुसतं उद्यापुरतं नाही."

भारत कुठे असतो हे पोरांना पक्कं ठाऊक होतं. फक्त मोठ्यांनी कधी विचारलं नव्हतं. तो पैनगंगेच्या काठावर सोजरबाईच्या शेळ्या राखायचा. शाळा सुटल्यावर मॅडम पदर सावरत बाभळीतून वाट काढत तिथे पोचल्या, तेव्हा भारत एका दगडावर उभा होता. पायाशी दप्तर, हातात काठी, आणि तो मोठ्या ऐटीत शेळ्यांची हजेरी घेत होता.

"काळी!" एक शेळी ओरडली. "बांडी!" दुसरी ओरडली. "लंगडी! ए लंगडे, कुठी हायस?" झुडपातून बारीक आवाज आला. भारतने समाधानाने मान हलवली, वळला आणि मॅडमना बघून दगडावरून घसरलाच.

"पळू नकोस. मी मारायला नाही आले," मॅडम धापा टाकत म्हणाल्या. "मला एवढंच सांग, तू शाळेत का येत नाहीस रे?"

भारतने पायाच्या अंगठ्याने वाळू उकरली. "येऊन काय करू? आलो तरी गैरहजर, नाई आलो तरी गैरहजर."

"म्हणजे?"

"जूनमध्ये रोज आलो ना मॅडम. मंग केस आले. केस आल्यापासून मोबाइल मले ओळखतच नाई. तुमी म्हणत होत्या, उजेड कमी हाय, बस जागेवर. मी बसत होतो. पण घरी बाबूच्या मोबाइलवर मेसेज, पोरगा आला नाई. मी सांगो, बाबू, मी गेलो होतो. बाबू म्हणे, मोबाइल खोटा का तू खोटा? अन् मारे. मंग मी म्हटलं, मार खायाचाच हाय तं शाळेत बसून कायले खायाचा? इथं शेळ्या तरी मले ओळखतात."

प्रतिभा मॅडम त्याच दगडावर बसल्या. त्यांना आठवलं, श्रावणात खरंच कितीतरी वेळा मोबाइलने भारतला नाकारलं होतं आणि आपण घाईत पुढच्या मुलाकडे वळलो होतो. पोरगं समोर बसलेलं होतं. आपल्याला दिसत होतं. मग पुढे ते यायचं बंद झाल्यावर आपणच दोनदा त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईला सुनावून आलो होतो. मॅडमना इतकी लाज वाटली की त्या शेळ्यांकडे बघतच बोलल्या.

"भारत, उद्या ये. कायमचा ये. तुझं नाव मी माझ्या तोंडाने घेईन."

"मेसेज नाई जाईन ना बाबूले?"

"नाही. आणि गेला तर मी तुझ्या बाबूच्या समोर उभी राहीन."

भारतने जरा विचार केला. "शेळ्यायले कोण पाहीन?"

"सोजरबाईला सांग आणि शाळेमागच्या पडीक रानात चरायला सोड. तुला खिडकीतून दिसतील."

गुरुवारी एमईओ साहेबांची जीप आली तेव्हा शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि हजेरी साहेबांसमोरच घ्यायची म्हणून अजून थांबली होती. सत्कार म्हटल्यावर कापूस सोडून सगळं गाव आलं होतं. पंढरी इस्तरीचा शर्ट घालून, रुख्मिणी नवं लुगडं नेसून पुढे उभे होते. साहेब आत आले आणि दारातच थबकले. इतकी मुंडण केलेली डोकी एका जागी त्यांनी बघितली नव्हती. खुद्द साहेबांचं टक्कल जन्माच्या कमाईचं, कानावर चार केस तेवढे उरलेले. त्यामुळे त्यांना क्षणभर वाटलं असावं की गावाने चेष्टा केली.

"लड़के तो सब हैं!" ते म्हणाले. "फिर डाटा में क्यों नहीं?"

मॅडमनी नागनाथबाबांपासून सगळं सांगितलं. साहेब मान हलवत राहिले, पण त्यांचा विश्वास बसेना. एवढं मोठं अ‍ॅप, हैदराबादहून आलेलं, ते टकलावर अडेल?

"पहले वो भारत किधर है?"

भारत पुढे आला. आईने त्याच्या डोक्यावर अर्धी बाटली तेल ओतलं होतं आणि फणीने मधोमध नीट भांग पाडला होता. साहेबांनी स्वतः त्याच्यासमोर मोबाइल धरला.

"फेस नॉट रेकग्नाइज्ड."

"ये भारत नहीं है," साहेब म्हणाले.

"मीच हाय ना साहेब!" भारत म्हणाला.

"माया पोरगा हाय साहेब!" रुख्मिणी मागून ओरडली. "म्या पैदा केला!"

"फोन तो नहीं बोल रहा है, अम्मा." साहेब घामाघूम झाले. "देखो मॅडम, तुम लोग पकड़ते बराबर नहीं. हाथ हिलता है. ऐसा सीधा पकड़ना, उजाले की तरफ मुंह करना, आंखें खुली रखना…" असं म्हणत साहेब खिडकीकडे वळले आणि त्यांनी मोबाइल सरळ, न हलवता, स्वतःच्या तोंडासमोर धरून दाखवला.

मोबाइलने या वेळी विचारसुद्धा केला नाही.

"भारत पंढरी मुसळे. प्रेझेंट."

आधी चंदाला हसू फुटलं, आणि मग ते कुणालाच आवरेना. पोरं बाकांवर लोळली. सुधाकरराव डोळे पुसत म्हणाले, "साहेब, तुमी आमच्या शाळेत बसलेच हाय तं आता रोज या!"

"एमय्या इदी!" म्हणजे 'काय रे बाबा हे!' असं साहेब तेलुगूत पुटपुटले, त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेवटी तेही हसले. "अब मैं रिपोर्ट में क्या लिखूं? भारत मैं हूं?"

गर्दीत न हसणारा एकच माणूस होता. पंढरी. मॅडमनी सगळं सांगितलं तेव्हापासून तो एकेक दुवा जुळवत होता. तो हळूच पुढे आला आणि भारतजवळ उकिडवा बसला.

"म्हणजे श्रावणात तू शाळेत होता?"

भारतने होय म्हणून मान हलवली.

"अन् मी तुले मारलं."

पंढरीने लोकांसमोर पोराला छातीशी घट्ट धरलं, आणि त्याच्या इस्तरीच्या शर्टाला तेलाचा मोठा डाग पडला. मॅडमनी पदराने डोळे पुसले. रविकांत सरांनी उगाचच गंगावन आवरून ट्रंकेत ठेवलं.

साहेबांनी तिथूनच फोन लावले. कुणाला हिंदीत, कुणाला तेलुगूत, एकाला तर ओरडून. शेवटी ठरलं ते असं. पोरांचे केस येईपर्यंत हजेरी कागदावर घ्यायची, त्याखाली साहेब सही करतील. केस आल्यावर बाकीच्यांना मोबाइल पूर्ववत ओळखेलच. मूळ दुखणं भारतच्या फोटोचं, म्हणून त्याचा एकट्याचा फोटो बदलायची खास परवानगी मिळाली. एकदाच. पुढची सोय जूनमध्ये. रविकांत सरांनी त्याला खिडकीत बसवलं, पुन्हा एकदा फणी फिरवली आणि तेल लावलेल्या दाट केसांचा देखणा फोटो अ‍ॅपमध्ये भरला. मोबाइल म्हणाला, "भारत पंढरी मुसळे. अपडेटेड." पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मिळवायची फाइल पिशवीत परत कोंबली, बॅग आणि सर्टिफिकेट भारतच्या हातात दिलं, आणि जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाल संभाल के रखना, बेटा."

शुक्रवारी सकाळी प्रार्थना संपली. रविकांत सरांना राहवलं नाही. कागद तर होताच, पण नवा फोटो चालतो का ते बघायला त्यांनी मोबाइल बाहेर काढला. "भारत, ये बरं पुढं."

नवी बॅग पाठीला लावून भारत हसत पुढे आला. त्याच्यामागे दारात पंढरी हात जोडून उभा होता. बापाचं आणि लेकाचं, दोघांचंही डोकं ताज्या वस्तऱ्याने लखलखत होतं.

"नवस फेडला, मॅडम," पंढरी म्हणाला. "केस पुडीत बांधून ठेवले. सवडीनं तिरुपतीले नेतो."

सरांच्या हातातला मोबाइल भारतच्या तोंडासमोरच होता.

"फेस नॉट रेकग्नाइज्ड."

सर मटकन पायरीवर बसले. "एकदाच परवानगी होती, मॅडम! आता जूनपर्यंत…"

"जूनपर्यंत कशाला? सगळ्यांचे केस सोबतच येतील, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी सरांच्या हातातला मोबाइल घेतला, बंद केला आणि ट्रंकेत गंगावनाशेजारी ठेवून दिला. भारत अनुपजवळ जाऊन बसला. आता तो रांगेत वेगळा दिसत नव्हता. मोबाइलच्या लेखी पहिल्यांदाच तो एकटा नाही, सगळ्या पोरांच्या सोबतीने गैरहजर होता.

मॅडमनी कागद समोर घेतला आणि आधी त्याचंच नाव घेतलं.

"भारत पंढरी मुसळे!"

"हजर, मॅडम!" भारत इतक्या जोरात ओरडला की शाळेमागच्या पडीक रानातून काळी, बांडी आणि लंगडी, तिघींनीही ओ दिली.